सोमाली उपाहारगृह

आफ्रिकेच्या शिंगावर, म्हणजे खंडाच्या पूर्वेकडच्या टोकावर, राहणाऱ्या सोमाली लोकांचे, आणि ते जिथे जिथे जाऊन वसले तिथले, जेवणाचे हॉटेल. दक्षिणेतले मोगादिशू आणि उत्तरेतले हर्गेसा ही त्याची मूळ ठिकाणे; नैरोबीचे ईस्टली, लंडन, अमेरिकेतले मिनीॲपोलिस ही नंतरची. हलाल मटण, मसालेभात, पास्ता आणि मसाल्याचा चहा यांवर ते चालते; दारू मिळत नाही. पदार्थांची यादी तशी आटोपशीरच असते. हॉटेलाची खरी ओळख म्हणजे गिऱ्हाइकाला पाहुणा मानण्याची रीत, आणि ती हॉटेलच्या धंद्यापेक्षा कितीतरी जुनी आहे.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये मोगादिशूला उतरला. त्याने लिहून ठेवले आहे की जहाज बंदरात आले की गावातले तरुण होड्यांमधून झाकलेली ताटे घेऊन सामोरे जात, एकेका व्यापाऱ्यापुढे ताट ठेवत आणि ‘हा माझा पाहुणा’ असे जाहीर करत. व्यापारी मग त्याच यजमानाकडे उतरे आणि मालाची खरेदी-विक्रीही त्याच्याच मार्फत करी. म्हणजे आतिथ्यात व्यवहार होताच, फक्त तो ताटानंतर सुरू होई. स्वतः इब्न बतूता विद्वान असल्याने त्याची सोय सुलतानाकडून झाली. त्याला मोठ्या लाकडी परातीत तुपातला भात वाढला गेला. वर कोंबडी, मांस, मासळी आणि भाज्या, बाजूला दुधात शिजवलेली कच्ची केळी, शिवाय दही, लिंबाचे लोणचे, मिठात मुरवलेली मिरी, ओले आले आणि आंबे. जेवणाआधी विड्याची पाने आणि सुपारी आली होती. मराठी वाचकाला या पाहुणचारात परके वाटावे असे फारसे काही नाही. इथला एकेक माणूस आमच्या अख्ख्या टोळीइतके जेवतो, असा शेराही त्याने मारला आहे. आजच्या सोमाली हॉटेलातली एका माणसाची परात पाहिली तर तो शेरा अगदीच अन्यायाचा वाटत नाही.

बंदरांमागच्या कोरड्या माळरानावर उंट-शेळ्या राखणाऱ्यांची रीतही याच वळणाची होती. पाण्यावाचून आणि वस्तीवाचून दूरवर चालणाऱ्याला थारा देणे हे तिथे कर्तव्य असे, कारण उद्या तीच वेळ यजमानावर येणार. पाहुण्याला ‘मर्ती’ आणि त्याच्या सरबराईला ‘मर्तिसोर’ म्हणतात.

आजच्या हॉटेलात भिंतीलगत हात धुण्याची बेसिने असतात, कारण जेवण हातानेच चालते. टेबलावर बसले की बहुतेक ठिकाणी ऑर्डर देण्याआधीच ‘मरक’चा वाडगा येतो. हे बकऱ्याच्या हाडांचे पातळ, गरम सूप. सोबत लिंबाची फोड. त्याचे पैसे सहसा लावत नाहीत. पाठोपाठ ‘बिसबास’, म्हणजे हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि लिंबू वाटून केलेली पातळ चटणी. मग परात येते: भाताचा डोंगर, त्यावर बकऱ्याचे मटण (‘हिलिब अरी’), कडेला थोडी कोशिंबीर आणि एक अख्खे, न सोललेले केळे. नवखा माणूस ते जेवणानंतरचे फळ समजून बाजूला सारतो, आणि मग वाढपी किंवा शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी त्याला आपणहून शिकवू लागतो. केळे सोलायचे, बोटांनी तुकडा मोडायचा आणि भात-मटणाच्या घासातच दाबून तोंडात घालायचा. बिसबासची आग आणि केळ्याचा गोडवा एकाच घासात येतात. पहिल्यांदा विचित्र वाटते, नंतर केळ्याशिवाय भात अळणी लागतो.

या भाताचे नाव ‘बरीस इस्कुकरिस’. आधी मटण कांदा-लसूण आणि मसाला घालून शिजवतात. त्याच पाण्यात बासमती तांदूळ शिजतो, आणि वेगळे काढलेले मटण भट्टीत किंवा तव्यावर लालसर करून वर मांडतात. मनुका, तळलेला कांदा आणि केशरी रंगवलेली थोडी शिते वर पडतात. मसाल्याला ‘हवाश’ म्हणतात: जिरे, धणे, मिरी, वेलची, दालचिनी, लवंग, हळद. प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचे. भाताचा कस या मसाल्यापेक्षा रश्श्यात असतो. हॉटेलचे नाव होते किंवा जाते ते त्यावर.

सकाळचा कारभार निराळा. तेव्हा ‘अंजेरो’ असते. उत्तरेत तिलाच ‘लहोह’ म्हणतात. आंबवलेले पातळ पीठ तव्याच्या मध्यावर ओतून पळीने गोल फिरवत कडेपर्यंत नेतात. त्यामुळे चकलीसारखे वेटोळे उमटते आणि जाळी पडते. अंजेरो उलटत नाहीत. तूप किंवा तिळाचे तेल आणि साखर घालून, नाहीतर परतलेल्या कलेजीबरोबर ती खातात. चहा थेट अंजेरोवर ओतून कालवणारेही असतात. बारीक चिरलेल्या मांसाचे ‘सुकार’ मात्र कोणत्याही वेळी चालते. त्याला जोड ‘सबायद’ची, म्हणजे पदर सुटलेल्या पराठ्याची. उंटाचे मांस आणि उंटिणीचे दूध मायदेशात आणि ईस्टलीत मिळते, युरोप-अमेरिकेत क्वचितच.

‘बास्तो’ म्हणजे पास्ता. दक्षिण सोमालिया इटलीच्या ताब्यात होता, उत्तर भाग ब्रिटनच्या. १९६० मध्ये दोन्ही स्वतंत्र होऊन एक झाले. टोमॅटोच्या ‘सूगो’त, म्हणजे पास्त्यावरच्या रश्श्यात, हवाश पडला आणि इटालियन पदार्थ पुरता सोमाली झाला. त्याच्याबरोबरही केळे असतेच. ताटातले हे केळे इटालियनांची देणगी असल्याचे सर्रास सांगितले जाते. शेबेले आणि जुबा नद्यांकाठचे निर्यातीचे मळे वसाहतकाळातले, हे खरे. पण मोगादिशूच्या जेवणात केळे त्याआधी सहा शतके होते, याला इब्न बतूता साक्षीदार आहे.

भारताशी असलेला धागा उत्तर किनाऱ्यावरच्या बर्बेरा बंदरातून येतो. तिथल्या हंगामी बाजारात भारतीय व्यापारी जात. १८८४ पासून १८९८ पर्यंत ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार भारत सरकार एडनमार्फत पाहत होते, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होते. आजच्या हॉटेलात ‘सम्बूस’ मिळतो आणि ‘बजिये’ही. बजिये म्हणजे भिजवून वाटलेल्या चवळीची भजी, बिसबासात बुडवून खायची. रमजानात रोजा सोडताना खजुरामागोमाग हेच दोन पदार्थ येतात.

१९९१ मध्ये मोगादिशूतले सरकार कोसळले आणि यादवी युद्धाने लाखो लोक देशाबाहेर फेकले गेले. नव्या शहरात हॉटेल हे त्यांचे सोयीचे ठाणे झाले: काम, भाड्याची खोली, गावाकडच्या बातम्या, पैसे घरी पाठवण्याची वाट, सगळे चहाच्या टेबलावर कळे. वेलची, दालचिनी, लवंग घातलेला हा चहा, ‘शाह’, तासन्‌तास चालतो आणि कुणी उठवत नाही. बऱ्याच ठिकाणी बायका-मुलांसाठी पडदे लावलेली किंवा वेगळी दालने असतात. पाश्चात्त्य शहरांतल्या नव्या हॉटेलांत ती कमी होत चालली आहेत. कार्डिफ आणि लंडनमध्ये सोमाली खलाशांची वस्ती तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची आहे.

काही जण युद्ध पुरते शमण्याआधीच परतले. लंडनमध्ये हॉटेल चालवणाऱ्या एका सोमाली आचाऱ्याने मोगादिशूत ‘द व्हिलेज’ सुरू केले. सप्टेंबर २०१२ मध्ये दोन आत्मघातकी हल्लेखोरांनी तिथे स्फोट घडवले; मृतांत पत्रकारही होते. हॉटेल पुन्हा उघडले. जानेवारी २०१६ मध्ये मोगादिशूच्याच लिडो किनाऱ्यावरच्या हॉटेलांवर हल्ला झाला. राजधानीतल्या मोठ्या हॉटेलांच्या दारात झडती घेणारे पहारेकरी दिसतात ते यामुळे.

बिलावरून हमखास ओढाताण होते. बोलावणाऱ्यानेच पैसे द्यायचे, आणि बोलावले कुणी यावरच वाद. हर्गेसात तो मोबाइलवर मिटतो: २००९ मध्ये आलेल्या ‘झाड’ सेवेमुळे भिंतीवर रंगवलेल्या क्रमांकावर पैसे पाठवले की झाले. गल्ल्याशी आधीच गुपचूप जाऊन पैसे भरून येणारा जिंकतो.

शाकाहारी माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘नुसता भात’ मागितला तरी तो मटणाच्या पाण्यातच शिजलेला असतो. बजिये, तूप-साखरेची अंजेरो आणि ‘अंबूलो’, म्हणजे बराच वेळ शिजवून तूप-साखर घातलेली लाल कडधान्याची उसळ, यांवर पोट भरते. अंबूलो मुख्यतः रात्री मिळते, दुपारी विचारून पाहावी.