तीस म्हणजे कोणतं तीस?

नागपूरच्या मारबतीची मिरवणूक शूट करून पुतण्या तोंड पाडून घरी आला. "काका, पाहा ना, कसा झटके मारून राहिला व्हिडिओ. मोबाइलच बदलावा लागते."
"फ्रेम रेट किती होता?"
"तीस."
"आणि शटर?"
"सांगितलं ना, तीस!"

इथेच घोळ आहे. सेकंदाला किती चित्रं टिपायची, तो फ्रेम रेट. त्यातल्या एकेका चित्राला किती वेळ प्रकाश द्यायचा, तो शटर स्पीड. कित्येक कॅमेरे १/५० सेकंदाचं शटर पडद्यावर नुसतं ‘५०’ असं दाखवतात, मग ५० फ्रेम आणि हे ५० एकच वाटणार नाही तर काय.

त्याला कूलरसमोर बसवलं. फ्रेम रेट २५, शटर १/५०: पंख्याची पाती एकमेकांत फासल्यासारखी दिसली, डोळ्यांना दिसतात तशीच. फ्रेम रेट तोच ठेवून शटर १/२००० केलं, तर एकेक पातं सुरीनं कापल्यासारखं सुटं. मारबतीत हेच झालं होतं. शटर ऑटोवर, वर ऊन. मोबाइलच्या लेन्सचं छिद्र सहसा लहान करता येत नाही, म्हणून प्रकाश आवरायला त्यानं शटरच पळवलं. नाचणाऱ्यांचे हात धूसर व्हायच्या ऐवजी इथून तिथे उड्या मारायला लागले. यावर औषध नवा मोबाइल नाही, लेन्सवर लावायची काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर. लेन्सचा गॉगलच म्हणा. तो लावून शटर फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट ठेवायचं, २५ ला १/५०.

फ्रेम रेट मात्र उन्हाकडे पाहून ठरत नाही, काय सांगायचंय ते पाहून ठरतो. पोह्यांवर तर्री पडते, तेलाचा लाल तवंग चण्यांभोवती पसरतो. १०० फ्रेमनं टिपून २५ नं दाखवलं की एका सेकंदाचे चार होतात आणि तोंडाला पाणी सुटतं. पण "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडणारी गर्दी स्लो मोशनमध्ये टाकली, तर आरोळी जाते आणि मागे संगीत चिकटवावं लागतं. माझ्या मते लग्नाच्या निम्म्या व्हिडिओंचं हेच होतं: सगळंच संथ, नवरीची आत्या धावत आली तरी संथ.

रात्रीच्या ठेल्यावर आणखी एक भानगड. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/६० वर असेल तर चित्रात पट्टे सरकतात. १/५० किंवा १/१०० केलं की सहसा जातात. १०० फ्रेमला दुप्पट म्हणजे १/२००, तिथे पट्टे आलेच. म्हणून तर्रीचा तो शॉट घ्यायला आम्ही सकाळी सातच्या उजेडात गेलो, ठेल्यावर ऊन यायच्या आधी. दोन प्लेट पोहे गार झाले, तिसरी खाल्ली.