वन्यजीव दर्शन सहल, गोव्यातील

गोव्यातील अभयारण्ये, खाडीकाठ व कुळागरे (पोफळीच्या बागा) येथे राहणारे स्थानिक प्राणी-पक्षी त्यांच्या मूळ अधिवासात पाहण्यासाठी जाणत्या मार्गदर्शकाबरोबर कुटुंबाने केलेली एका दिवसाची सहल. पहाटे निघून सायंकाळपूर्वी परतणे, मुलांना व ज्येष्ठांना झेपेल एवढेच चालणे आणि प्राण्याच्या दिनक्रमात ढवळाढवळ न करणे ही तिची मुख्य वैशिष्ट्ये होत. प्राणिसंग्रहालयाची भेट किंवा केवळ धबधबा पाहण्यासाठी केलेली जीपची फेरी यांहून ती वेगळी आहे.

अवघे ३,७०२ चौ. किमी. क्षेत्र असलेल्या या राज्याची पूर्व सीमा पश्चिम घाटाच्या उतारावर आहे आणि बहुतेक संरक्षित वने याच पट्ट्यात आहेत. सत्तरी तालुक्यातील म्हादई (२०८ चौ. किमी.) व सांगे तालुक्यातील नेत्रावळी (२११ चौ. किमी.) ही अभयारण्ये १९९९ मध्ये घोषित झाली. काणकोणातील खोतीगाव (८६ चौ. किमी.), मोले राष्ट्रीय उद्यान व त्याला लागून असलेले भगवान महावीर अभयारण्य आणि फोंड्याजवळचे लहानसे बोंडला (८ चौ. किमी.) ही त्यांच्याआधीची आहेत. चोडण बेटावरील १.७८ चौ. किमी.चे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ मध्ये खारफुटीत स्थापन झाले. कुडचडे येथील नंदा तळे २०२२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) असून गोव्यातील ते पहिले रामसर स्थळ आहे. पणजीहून मोले सुमारे ६० किमी. आणि चोडण तर रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने काही मिनिटांवर आहे. घाटाचे सदाहरित रान आणि खाडी एकमेकांच्या इतकी जवळ असल्यामुळे अशी सहल एका दिवसात बसते. मात्र दोन्ही अधिवास एकाच दिवसात उरकण्याचा बेत केला, तर दिवस गाडीतच जातो. एका दिवशी एकच जागा निवडावी हे उत्तम.

मध्य भारतातील सागाच्या किंवा गवताळ रानात उघड्या जीपमधून जसे चितळांचे कळप दिसतात, तसे दृश्य येथे अपेक्षू नये. घाटाखालचे रान दाट आहे. दहा पावलांवर उभा असलेला गवाही झाडोऱ्यात हरवतो. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, तर काळे डोके, पिवळे अंग आणि लालसर गळा असलेला बुलबुल हा राज्यपक्षी आहे. सांबर, भेकर, पिसोरी (हरणासारखा चिमुकला प्राणी), अस्वल, बिबट्या, कोळसुंदे (रानकुत्रे) व खवले मांजर या वनांत आहेत, पण यांपैकी बरेच प्राणी रात्री किंवा संधिप्रकाशात वावरतात. लाजवंतीसारखा (झाडावर राहणारा, माकडाच्या दूरच्या कुळातला) निशाचर प्राणी तर दिवसाच्या सहलीत दिसतच नाही. म्हणून येथील सहलीचा खरा ऐवज म्हणजे प्राण्याच्या खुणा. ओल्या मातीत उमटलेले खूर, सांबराने शिंगे घासून सोललेली साल, उंबराखाली पडलेली अर्धवट खाल्लेली फळे आणि वर शेंड्याला शेकरूचे काटक्यांचे घरटे. या खुणा वाचायला शिकवणारा मार्गदर्शक लाभला, तर एकही मोठा प्राणी न दिसता मुलांची सकाळ भरून जाते. तो नसला, तर ‘काहीच दिसले नाही’ अशी तक्रार घेऊन कुटुंब परत येते. दोन्ही कुटुंबे एकाच पायवाटेने गेलेली असतात.

याचे चांगले उदाहरण म्हणजे मोले व तांबडी सुर्ला परिसरातील बेडूकमुख्या हा पक्षी. दिवसा तो वेलींच्या जाळीत, डोळे मिटून, नर-मादी अंगाला अंग लावून बसतो आणि वाळक्या पानांच्या झुबक्यासारखा दिसतो. मार्गदर्शकाने बोट दाखवल्यावरही मोठ्यांना तो सापडायला वेळ लागतो. मुलांना बहुधा आधी सापडतो. कवड्या धनेश, कर्णा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ओहोळाकाठी येणारा तिबोटी खंड्या यांच्यासाठीही पक्षिनिरीक्षक येथे दुरून येतात. काही मार्गदर्शक पक्ष्याला पुढे आणण्यासाठी मोबाइलवर त्याचीच ध्वनिमुद्रित साद वाजवतात. ती ऐकून आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून पक्षी घरटे व चारा सोडून धावतो. विणीच्या काळात ही रीत अत्यंत घातक आहे आणि तसा आग्रह पाहुण्यांनीही धरू नये.

लहान मुलांसाठी खाडीची सहल अधिक सोयीची ठरते, कारण तेथे चालावे लागत नाही आणि प्राणी उघड्यावर दिसतात. चोडणच्या अभयारण्यात होडीने हिंडता येते, मात्र वेळ ठरते ती भरती-ओहोटीवर. ओहोटीला चिखल उघडा पडला की काठावरचे जग दिसू लागते. निवट्या हा मासा कल्ल्यांजवळच्या परांनी चिखलावर सरकतो, मध्येच उड्या घेतो. लहान खेकड्यांमधील नर आपली एकच मोठी नांगी वर-खाली हलवत मादीला खुणावतात. खारफुटीची श्वासमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. नावाड्याने वल्हे थांबवून होडी पाच मिनिटे स्थिर ठेवली, तर बिळांत गेलेले सारे खेकडे पुन्हा बाहेर येतात. नशीब असल्यास पाणमांजरांचे कुटुंबही मासे धरताना दिसते.

मांडवी व झुआरी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. मगर ही मुख्यतः गोड्या पाण्यातील. येथे ती मचूळ पाण्यात नांदते, हे या जागेचे वैशिष्ट्य. थंडीच्या दिवसांत, ओहोटीच्या वेळी ती ऊन खात काठावर पडलेली असते. तिचा उघडा जबडा पाहून मुले घाबरतात, परंतु तो हल्ल्याचा पवित्रा नसून अंगातील उष्णता कमी करण्याचा उपाय आहे. या परिसरातील शेतकरी मगरीला परंपरेने पूजत आले आहेत. पौष अमावास्येला दुर्भाट परिसरात खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) बांधाजवळ चिखलाची मगर घडवून, तिला शिंपले व काटक्या लावून ‘माणगेथापणी’ केली जाते. खाजनाचे बांध व मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) सांभाळणाऱ्या माणसाचे आणि त्याच पाण्यात राहणाऱ्या मगरीचे हे जुने नाते मार्गदर्शकाने सांगितल्याशिवाय कालव्याची फेरी अपुरी राहते. सत्तरी-सांगे भागात वाघाच्या कोरीव मूर्तींची ‘वाघ्रो’ म्हणून पूजा होते, तीही याच जातीची.

तरीही हे नाते सर्वत्र अबाधित राहिलेले नाही. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे चार वाघ विषप्रयोगाने मेले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश राज्य शासनाला दिला आणि पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अभयारण्याच्या हद्दीत गावे, गुरे आणि बागायती आहेत; वाघाने मारलेल्या गुराची भरपाई वेळेवर मिळणे आणि सहलीचे उत्पन्न त्याच गावातील तरुणाच्या हाती पडणे या गोष्टींवर वाघाचे भवितव्य बरेच अवलंबून आहे. त्यामुळे मार्गदर्शक त्याच परिसरातील असावा, हा आग्रह केवळ सोयीचा नाही.

सहलीचा योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. पावसाळ्यात दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या कुळे येथील जीपगाड्या बंद असतात आणि पायवाटांवर जळवा असतात. पण उडता बेडूक आणि पाण्यावर लोंबणारी त्याची फेसाची घरटी पाहायची तर पावसाळ्याला पर्याय नाही. प्रवेशासाठी वन खात्याची परवानगी घ्यावी लागते. मळकट हिरवे-तपकिरी कपडे, बंद बूट, पाणी व दुर्बीण एवढे पुरे. माकडांना खाऊ देणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यामुळे ती माणसावर झेपावू लागतात.

दुपारचे जेवण अनेक कुटुंबे फोंडा तालुक्यातील एखाद्या कुळागरात घेतात. पोफळीच्या खोडावर तेथे उडता सरडा असतो. सालीच्या रंगात मिसळलेला नर गळ्याखालची पिवळी पिशवी क्षणभर उघडतो, तेव्हाच तो नजरेस पडतो. मग बरगड्यांवर ताणलेले पातळ पडदे पसरून समोरच्या पोफळीकडे तरंगत जातो.

समुद्रकिनाऱ्यावरची गोष्ट वेगळी आहे. गालजीबाग, आगोंद, मोरजी व मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. माद्या रात्री येतात, म्हणून दिवसाच्या पाहुण्यांना दिसते ते वन खात्याने घरट्यांभोवती उभारलेले कुंपण, त्यावरील तारखेची पाटी आणि एखाद्या सकाळी वाळूवर उमटलेला, भरतीच्या रेषेपासून वर येऊन पुन्हा पाण्याकडे वळलेला कासवीचा माग. अंडी उबायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. पाटीवरील तारखेवरून पिल्ले निघण्याचा अंदाजे काळ मुलांना स्वतः मोजता येतो.