पायावर पाय टाकून पहुडलेले नाइट

लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये शिरलं, की गोल दालनाच्या फरशीवर चिलखत घातलेले दगडी नाइट, म्हणजे मध्ययुगीन युरोपातले घोडेस्वार योद्धे, उताणे पहुडलेले दिसतात. चर्चच्या या भागाचं अर्पण ११८५ मध्ये झालं. या मृतांच्या स्मारकमूर्ती, बहुतेक १३व्या शतकातल्या. काहींनी पायावर पाय टाकलाय. त्यावरून इंग्लंडमध्ये एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, की असा नाइट धर्मयुद्धाला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती मोहिमेला, जाऊन आलेला असतो. आढी घोट्याशी आहे की गुडघ्याशी, यावरून तो किती मोहिमांवर गेला हे सांगणारेही भेटतात!

समजूत झकास आहे, पण टिकत नाही. याच दालनात विल्यम मार्शलची म्हणून ओळखली जाणारी मूर्ती आहे. १२१९ मध्ये वारलेला हा सरदार जेरुसलेमकडे खरोखर जाऊन आला होता, तरी मूर्तीचे पाय सरळ! उलट, कधीच मोहिमेवर न गेलेल्यांच्या मूर्तींनाही आढी सापडते. कलेच्या अभ्यासकांना यात शिल्पकारांची शैली दिसते: पडलेल्या देहात जोम दाखवायचा. ऑक्सफर्डशायरमधल्या डॉर्चेस्टर ॲबीतला नाइट पाहिला की हे पटतं. तो आडवा आहे, पायावर पाय टाकलाय आणि हात तलवार उपसतोय.

त्या काळातल्या अशा बऱ्याच मूर्ती ‘पर्बेक मार्बल’च्या आहेत. नाव मार्बल, पण हा संगमरवर नव्हे. डॉर्सेटमधला हा चुनखडक सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शंखांनी खच्चून भरलेला असतो. घासला की छान चकाकतो. मात्र चकाकी पाहून मूर्ती उघड्या दगडाच्याच होत्या असं समजू नये. त्यांवर रंग चढवत, काहींवर सोनंही. मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात टेम्पल चर्चचं छत पेटलं आणि या मूर्तींची फार हानी झाली.

धातूच्या मूर्तींची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून गाजलेला इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड १३७६ मध्ये वारला. युद्धाच्या पूर्ण पेहरावातली धातूची मूर्ती हवी, असं त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं. कँटरबरी कॅथीड्रलमधली ती मूर्ती मृत्यूनंतर लगेच घडवली असणार, असं धरलं जाई. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी क्ष-किरणांनी मिश्रधातू तपासला आणि बारीक कॅमेरा मूर्तीच्या पोटात घातला. आत सुटे भाग खिळ्या-बोल्टांनी जोडलेले निघाले. चिलखत घडवणाऱ्या कारागिराचा सल्ला घेतला असावा, इतकं ते काम जाणकाराचं आहे. शिवाय हा मिश्रधातू वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्याच्या वडिलांच्या, म्हणजे राजा तिसऱ्या एडवर्डच्या, मूर्तीशी जवळजवळ तंतोतंत जुळला. म्हणजे दोन्ही मूर्ती एकाच सुमारास, बहुधा १३८० च्या दशकात झाल्या. तेव्हा गादीवर होता ब्लॅक प्रिन्सचा मुलगा, दुसरा रिचर्ड. फ्रान्सशी युद्ध चालू, तिजोरी तंग. अशा वेळी रणधुरंधर बापाची सोनेरी मूर्ती या तरुण राजाला उपयोगाची होती, असा संशोधकांचा तर्क आहे.