मेलबर्न, हिरिनी

मेलबर्न, हिरिनी : (१९४९–२००३). न्यूझीलंडमधील माओरी, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांपैकी, गीतकार, गायक, वादक आणि अध्यापक. मुके झालेल्या माओरी वाद्यांना पुन्हा आवाज मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते तूहोए आणि न्गाती काहुंगुनु या जमातींचे. उत्तर बेटावरचा ते उरेवेरा हा दाट जंगलाचा, धुक्याचा डोंगराळ मुलूख म्हणजे तूहोए लोकांची भूमी. पक्षी, किडे, पाऊस, आभाळ हे मेलबर्न यांच्या गाण्यांचे नेहमीचे विषय.

ते पेशाने शिक्षक होते आणि पुढे हॅमिल्टन येथील वायकाटो विद्यापीठात शिकवू लागले. शाळेत माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्लेली पिढी तेव्हा हयात होती. ही भाषा शाळांतून शिकवली जावी, यासाठी १९७२ मध्ये संसदेला तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज दिला गेला. १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे ‘भाषेचे घरटे’ म्हणवणारी पहिली बालवाडी उघडली आणि १९८७ मध्ये भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला. पण वर्गात मुलांच्या तोंडी बसतील अशी गाणीही हवी होती. ती मेलबर्न यांनी लिहिली. गिटारच्या साध्या साथीवर म्हणता येणाऱ्या ‘तिहोरे माई’ या गाण्यात आभाळाला मोकळे होण्याची, पावसाला थांबण्याची आणि उन्हाला येण्याची विनवणी आहे. शब्द मोजके, चाल सोपी. मूल भाषा शिकते आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. मोठ्या मैफलींपेक्षा या छोट्या गाण्यांचे ऋण अधिक मानायला हवे.

त्यांचे दुसरे काम ‘ताओंगा पूओरो’ या पारंपरिक वाद्यांचे. ‘ताओंगा’ म्हणजे जपून ठेवावा असा ठेवा. मिशनऱ्यांची नापसंती आणि बाहेरून आलेली नवी वाद्ये यांमुळे विसाव्या शतकापर्यंत यांतली बहुतेक वाद्ये संग्रहालयांच्या काचेआड गेली होती. वाजवायचे कसे, हे सांगणारे फारसे कोणी उरले नव्हते. मेलबर्न, युरोपीय वंशाचे वादक रिचर्ड नन्स आणि कोरीवकाम करणारे ब्रायन फ्लिन्टॉफ यांनी ही विद्या कणाकणाने गोळा केली. गावोगावच्या ‘मराए’वर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी, जाऊन ते वाद्य वाजवून दाखवत. ते ऐकता ऐकता एखाद्या वृद्धाला लहानपणी कानावर पडलेले काही आठवे.

यांतले ‘पूतोरिनो’ बारकाईने पाहण्याजोगे आहे. लाकूड उभे चिरून, दोन्ही भाग आतून कोरून, पुन्हा जुळवून ते वेलीच्या मुळांनी घट्ट बांधतात. दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये फुगीर. फुगीर भागात तोंडासारखे कोरलेले छिद्र. तुतारीसारखे फुंकले की पुरुषाचा आवाज, बासरीसारखे फुंकले की स्त्रीचा. हा आकार एका पतंगाच्या कोशाचा आहे. त्या जातीची मादी पंखहीन असते आणि जन्मभर कोशातच राहते. ती म्हणजे बासरीची देवता हिने राउकाताउरी. बासरीवर तिचा इतका जीव की ती तिच्यातच राहायला गेली, असे माओरी मानतात.

मेलबर्न आणि नन्स यांचा ‘ते कू ते फे’ हा ध्वनिसंग्रह १९९४ मध्ये निघाला. जुन्या ‘मोतेआतेआ’ गायनात स्वरांचा पल्ला अगदी लहान असतो आणि श्रुतींचे सूक्ष्म फरक महत्त्वाचे ठरतात. तीन छिद्रांची ‘कोआउआउ’ बासरी त्याच पल्ल्यात फिरते, त्यामुळे गळा आणि बासरी एकमेकांत मिसळून जातात. या संग्रहातील रचना नव्या आहेत, पण जुन्या सुरांवर पाश्चात्त्य स्वरमेळाचा भार नाही. दोन काळ एकत्र आणण्याची ही रीत दुर्मिळ होती.

मेलबर्न जानेवारी २००३ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी ‘ते हेकेंगा-आ-रांगी’ हा दुसरा संग्रह आला. त्यात आरोहा येट्स-स्मिथ यांचा आवाज आहे. २००६ मध्ये पहिल्या संग्रहाची इलेक्ट्रॉनिक संगीतातील रीमिक्स आवृत्ती ‘ते फायाओ’ या नावाने निघाली. त्यांच्या तालमीत घडलेले होरोमोना होरो हीच वाद्ये आज देशोदेशीच्या मंचांवर वाजवतात.