वॉर्म-अपच्या लेनमधली वाहतूक

प्रौढांच्या जलतरण स्पर्धेच्या सकाळी, पहिली शर्यत सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात, गॅलरीतून खाली तलावाकडे पाहिले तर एक चमत्कारिक दृश्य दिसते. दोरीने आखलेल्या प्रत्येक लेनमध्ये दहा-पंधरा माणसे वॉर्म-अपसाठी, म्हणजे शर्यतीआधी अंग गरम करण्यासाठी, पोहत असतात, आणि तरीही बहुतेक लेनचा अर्ध्याहून अधिक भाग मोकळा असतो. कुठेतरी एका टोकाला पुढच्याच्या पायाला मागच्याचा हात लागेल इतकी दाट रांग चाललेली असते आणि तिच्यामागे स्वच्छ निळे पाणी पसरलेले असते. काठावर उभा असलेला नवखा स्पर्धक ती मोकळी जागा हेरून पाण्यात उतरतो आणि चार-पाच फेऱ्यांत त्याच रांगेचे शेपूट होऊन बसतो. दोष कोणाचा, यावर कपडे बदलण्याच्या खोलीत बरीच चर्चा होते. परंतु या गर्दीचे मूळ स्वभावापेक्षा गणितात अधिक आहे, आणि ते गणित रस्त्यावरच्या वाहतुकीचे आहे.

‘मास्टर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धांची सुरुवात मे 1970 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या अमारिलो शहरात झाली. शाळा-महाविद्यालय संपल्यावर पोहणे सोडून देणाऱ्या प्रौढांनी आरोग्यासाठी पुन्हा पाण्यात उतरावे, अशी अमेरिकी नौदलातील डॉक्टर रॅन्सम आर्थर यांची त्यामागची कल्पना होती. जागतिक जलतरण महासंघाची पहिली मास्टर्स अजिंक्यपद स्पर्धा 1986 मध्ये टोकियो येथे झाली. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वयाच्या 25 व्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि ते शंभरीच्याही पलीकडे जातात. जपानच्या मिएको नागाओका यांनी 2015 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, 1500 मीटर अंतर 1 तास 15 मिनिटे 54 सेकंदांत पोहून पूर्ण केले. हा वेग सेकंदाला सुमारे 0.33 मीटर इतका येतो. तिशीतला चांगला मास्टर्स जलतरणपटू सहज पोहतानाही सेकंदाला 1.3 मीटरच्या आसपास असतो, म्हणजे आजींच्या चौपट. शर्यतीत दोघांना स्वतंत्र लेन मिळते. वॉर्म-अपमध्ये मात्र दोघांच्या वाट्याला एकच लेन येऊ शकते, आणि प्रश्न तिथेच सुरू होतो.

वॉर्म-अप टाळून चालत नाही, कारण त्याचा लाभ खरा आणि मोजता येण्याजोगा आहे. स्नायूंचे तापमान एका अंशाने वाढले की झटक्याच्या हालचालींतील शक्ती सुमारे 4 टक्क्यांनी वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. ही ऊब टिकत मात्र नाही. स्पर्धेच्या तलावातील पाणी 25 ते 28 अंश सेल्सिअस ठेवलेले असते, म्हणजे शरीरापेक्षा बरेच थंड. बाहेर आल्यावर ओल्या अंगावरचे पाणी सुकतानाही उष्णता घेऊन जाते. 200 मीटर अंतरावर केलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वॉर्म-अपनंतर 10 मिनिटांनी पोहणाऱ्यांची वेळ 45 मिनिटे थांबून पोहणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दोन सेकंदांनी चांगली आली होती. अनुभवी स्पर्धकांना हे अभ्यास न वाचताही ठाऊक असते. त्यामुळे तलाव तासभर खुला असला तरी बहुतेक जण शेवटच्या अर्ध्या तासातच पाण्यात उतरतात.

समजा, 240 स्पर्धक आहेत आणि प्रत्येकाला 20 मिनिटे पोहायचे आहे. ही एकूण 4800 मिनिटे पूर्ण तासावर सारखी पसरली, तर कोणत्याही क्षणी सरासरी 80 जण पाण्यात असतील आणि आठ लेनमध्ये प्रत्येकी दहा जण येतील. सगळे शेवटच्या अर्ध्या तासात आले, तर हाच आकडा वीस होतो. 50 मीटरच्या तलावात एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परतायचे, म्हणजे लेन हा 100 मीटरचा एक बंद वळसाच असतो. त्यात दहा जण असतील तर दोघांमधील अंतर 10 मीटर, आणि वीस असतील तर 5 मीटर. सेकंदाला एक मीटर वेगाने पोहणाऱ्याच्या दृष्टीने 5 मीटर म्हणजे 5 सेकंदांचे अंतर, आणि रोजच्या सरावात क्लबचे लोक एकामागोमाग निघताना साधारण एवढेच अंतर ठेवतात. याचा अर्थ, केवळ संख्येचा विचार केला तर वीस माणसेही एका लेनमध्ये सुखाने पोहू शकतात.

ती पोहू शकत नाहीत, याचे कारण संख्या नसून वेगांतील फरक हे आहे. दहाच माणसे घ्या. नऊ जण सेकंदाला 1.1 मीटर वेगाने पोहत आहेत आणि एक जण 0.8 मीटरने. सुरुवातीला सगळे 10-10 मीटरवर विखुरलेले आहेत. संथ माणसाच्या लगेच मागे असलेला अर्ध्या मिनिटाच्या आत त्याला गाठतो, त्याच्यामागचा या दोघांना गाठतो, आणि साडेतीन मिनिटांत सर्वांत दूरचा नववा जलतरणपटूही त्याच रांगेत येऊन मिळतो. रांगेत दोघांमध्ये 3 मीटर अंतर धरले, तर दहा जण मिळून 27 मीटरमध्ये मावतात आणि उरलेले 73 मीटर पाणी रिकामे राहते. गॅलरीतून दिसते ते हेच. जुन्या महामार्गाने बोरघाट चढताना एखाद्या ट्रेलरमागे अडकलेल्या प्रत्येकाने हे अनुभवले आहे. फरक इतकाच की घाट कधीतरी संपतो आणि लेन संपत नाही.

संथ माणूस नसला तरी कोंडी होऊ शकते, ही त्याहून मौजेची गोष्ट आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात 230 मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर 22 मोटारी सारख्या वेगाने चालवण्यास चालकांना सांगितले गेले. ना सिग्नल, ना चौक, ना खड्डा. तरीही थोड्या वेळाने कोणीतरी किंचित वेग कमी केला, मागच्याने तो त्याहून थोडा अधिक कमी केला, आणि थांबलेल्या मोटारींची एक लाट वर्तुळात उलट्या दिशेने सरकू लागली. लेनमध्ये असा ब्रेक लागण्याचे ठिकाण ठरलेलेच असते, ते म्हणजे भिंत. कोणी गॉगलमधले पाणी काढायला भिंतीच्या मधोमध थांबला, की फ्लिप टर्न, म्हणजे भिंतीपाशी पाण्यात कोलांटी घेऊन वळण, मारायला आलेल्याला डोके वर काढावे लागते आणि त्याच्यामागच्या प्रत्येकाला तो हिसका क्रमाने पोहोचतो. थांबायचेच असेल तर कोपऱ्यात दोरीला चिकटून थांबावे, हा नियम केवळ शिष्टाचाराचा नाही. वळण्यासाठी भिंतीचा मधला भाग मोकळा हवा असतो.

मग पुढच्याला ओलांडून का जाऊ नये? सेकंदाला 1.2 मीटरने पोहणाऱ्याला 0.8 मीटरवाल्याच्या 2 मीटर मागून 2 मीटर पुढे जायचे असेल, तर वेगांतील फरक 0.4 मीटर असल्यामुळे 10 सेकंद लागतात. तेवढ्यात तो स्वतः 12 मीटर पुढे जातो आणि समोरून सेकंदाला एक मीटरने येणारा 10 मीटर जवळ येतो. म्हणजे निदान 22 मीटर पाणी समोर मोकळे हवे. मोटारचालकाला निदान समोरचे दिसते. फ्रीस्टाईल पोहणाऱ्याची नजर तळावरच्या काळ्या पट्टीवर असते, आणि बॅकस्ट्रोकवाल्याची छताकडे. म्हणून ओलांडण्याची सुरक्षित जागा भिंत हीच: मागच्याने पायाला हलका स्पर्श करायचा, पुढच्याने कोपऱ्यात सरकून दोन सेकंद थांबायचे आणि वाट द्यायची.

येथे पाणी आणखी एक फसवणूक करते. दुसऱ्याच्या पायांमागे अर्ध्या मीटरच्या आत राहिल्यास शरीराला होणारा पाण्याचा अवरोध सुमारे 20 टक्क्यांनी कमी होतो. पोहायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते असे ढोबळपणे धरले, तर तेवढ्याच श्रमात सुमारे 8 टक्के अधिक वेग मिळतो. साहजिकच मागच्याला आपण पुढच्यापेक्षा वेगवान आहोत असे प्रामाणिकपणे वाटते, तो वाट मागून पुढे जातो, आणि आयता मिळालेला लाभ संपताच दोन फेऱ्यांत ढेपाळतो. ‘पुढे घुसतात आणि मग हळू पोहतात’ ही तक्रार प्रत्येक तलावावर ऐकू येते. तिच्यामागे उद्धटपणा क्वचित, आणि द्रवगतिकी बहुतेकदा असते.

लेनच्या रुंदीचा हिशेबही तंग आहे. प्रमाणित लेन 2.5 मीटर रुंद, म्हणजे जाण्यासाठी सव्वा मीटर आणि येण्यासाठी सव्वा मीटर. प्रौढ माणसाचे पसरलेले हात त्याच्या उंचीइतके, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास भरतात, त्यामुळे दोन्ही हातांनी बटरफ्लाय मारणारा समोरच्याच्या हद्दीत जाणारच. समंजस बटरफ्लायवाले गर्दीत म्हणूनच एका हाताने मारतात.

दिशेचा प्रश्न मात्र देशाप्रमाणे बदलतो. अमेरिकेत लेनच्या उजव्या बाजूने पोहण्याची रीत आहे, म्हणजे वळसा घड्याळाच्या उलट दिशेने होतो. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी एक लेन घड्याळाच्या दिशेने आणि तिच्या शेजारची उलट दिशेने अशी रचना असते. वरकरणी ती गोंधळाची वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे: अशा रचनेत दोरीच्या दोन्ही बाजूंचे लोक एकाच दिशेने जातात, त्यामुळे दोरीवरून गेलेला हात शेजारच्याच्या हाताला लागला तरी वेगांतील फरक अल्प असतो. सगळ्या लेन एकाच दिशेने फिरत असतील, तर दोरीच्या दोन बाजूंचे लोक समोरासमोर येतात आणि वेगांची बेरीज होते. माझ्या मते ब्रिटिश पद्धतच अधिक सुरक्षित आहे. आयुष्यभर रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवलेल्या मराठी माणसाने अमेरिकेतल्या स्पर्धेत पहिल्या फेरीला आपसूक डावीकडे जाणे स्वाभाविकच आहे. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दोन मिनिटे काठावर उभे राहून लेन कुठल्या दिशेने फिरते आहे हे पाहून घ्यावे.

उतरायचे तेही पाय आधी सोडून. ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच चौथऱ्यावरून, सूर मारणाऱ्याचा पाण्यात शिरतानाचा वेग सेकंदाला 5 ते 6 मीटर असतो आणि खालून जाणाऱ्याला तो दिसत नाही. यासाठी आयोजक एक-दोन लेन केवळ स्प्रिंटसाठी, म्हणजे थोडे अंतर पूर्ण वेगाने पोहण्यासाठी, राखून ठेवतात. तिथे सूर मारता येतो, पण वाहतूक एकेरी असते आणि पलीकडच्या टोकाला बाहेर पडून काठाने चालत परत यावे लागते. उरलेल्या लेन वेगानुसार वाटल्या, तर वरच्या उदाहरणातली रांग तयार होण्याचे कारणच नाहीसे होते. संथ लेनची पाटी पाहूनही तिच्यात शिरणारा वेगवान माणूस हा वेगवान लेनमध्ये चुकून आलेल्या संथ माणसाइतकाच कोंडीला जबाबदार असतो, हे मात्र फारसे कोणी कबूल करत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासाची झुंबड टाळण्याचा एक उपाय पाण्याबाहेर आहे. ऊब जाते ती ओल्या अंगातून. त्यामुळे पहिल्या वीस मिनिटांत मोकळ्या लेनमध्ये पोहून घ्यावे, अंग कोरडे करून मोजे, टोपी आणि जाड ट्रॅकसूट चढवावा आणि शर्यतीच्या दहा मिनिटे आधी काठावर जागच्या जागी उड्या, हातांचे फेर आणि उठाबशा काढाव्यात. गावाकडच्या विहिरीवर पोहायला शिकलेल्यांना उठाबशांचा हा सल्ला नवा वाटणार नाही.