मॅमोग्राफीत स्तन दाबतात ते कशासाठी?

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला, जायचं म्हटलं की अनेकींना धास्ती एक्स-रेची नसते, दाबण्याची असते. दाबतात हे खरं, काहींना दुखतंही; पण सगळी तपासणी उभी आहे ती त्या दाबावरच.

हाड आणि मांस एक्स-रेत सहज वेगळं दिसतं. स्तनातल्या ग्रंथी आणि गाठ मात्र जवळपास सारख्याच दिसतात. तो बारीक फरक टिपायला कमी ऊर्जेचे किरण लागतात आणि जाड भागातून जाताना ते विखुरतात, चित्र धूसर होतं. पारदर्शक पट्टीखाली स्तन चपटा केला की एकमेकांवर आलेले थर पसरतात, हालचाल थांबते आणि किरणांची मात्राही कमी पुरते. दोन्ही स्तनांच्या नेहमीच्या तपासणीत ती साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट असते. निसर्गातून सुमारे सात आठवड्यांत आपल्याला तेवढी मिळतेच.

प्रत्येक स्तनाच्या दोन प्रतिमा घेतात, एक वरून आणि एक तिरकी, काखेकडचा भाग दिसेल अशी. दाब प्रत्येक वेळी काही सेकंदच असतो. सहन होत नसेल तर तंत्रज्ञाला तिथेच सांगावं, संकोच करू नये. पाळी सुरू असण्याच्या वयात शक्यतो पाळीनंतरच्या आठवड्यातली वेळ घ्यावी, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात.

त्या दिवशी काखेत आणि छातीवर डिओडरंट, पावडर, क्रीम काही लावू नये. ही सूचना फालतू वाटते, पण घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधलं ॲल्युमिनियम प्रतिमेत पांढऱ्या ठिपक्यांसारखं उमटू शकतं. डॉक्टर नेमके तसेच ठिपके शोधत असतात: कॅल्शियमचे सूक्ष्म कण. बहुतेकदा ते निरुपद्रवी असतात, पण त्यांचा विशिष्ट पुंजका अगदी सुरुवातीच्या कर्करोगाची खूण असू शकतो.

वरचा कपडा वेगळा काढता येईल असा पोशाख बरा. जुन्या मॅमोग्राफीच्या प्रतिमा असतील तर न्याव्यात. नुसता रिपोर्ट पुरत नाही, तुलना प्रतिमांचीच होते. गर्भारपण, स्तनपान किंवा इम्प्लांट असेल तर आधीच सांगावं.

रिपोर्टमध्ये ‘बायरॅड्स ०’ दिसलं की अनेकींच्या पोटात गोळा येतो. बायरॅड्स ही निष्कर्ष अंकांत सांगण्याची ठरलेली पद्धत; त्यातल्या शून्याचा अर्थ एवढाच, की निष्कर्षासाठी आणखी प्रतिमा, सोनोग्राफी किंवा जुन्या प्रतिमा हव्यात. अशा बहुतेक फेरतपासण्यांत कर्करोग निघत नाही. उलटही घडतं: दाट स्तनांत, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथी जास्त असलेल्या स्तनांत, ग्रंथी पांढऱ्या आणि गाठही पांढरीच, त्यामुळे गाठ लपू शकते. म्हणून हाताला नवी गाठ लागली, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांना दाखवायचीच.