आधी विद्यार्थ्याची झडती, मग संस्थेची

कॉलेजात ‘नॅक येणार’, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेची समिती पाहणीला येणार, ही बातमी पोहोचली की भिंतींना रंग लागतो, ग्रंथालयातल्या नोंदवह्या बाहेर निघतात आणि पाच वर्षांतल्या कार्यक्रमांचे फोटो शोधायला माणसे बसतात. प्राध्यापक रात्री उशिरापर्यंत एसएसआर, म्हणजे संस्थेने स्वतःविषयी द्यायचा अहवाल, भरत असतात. त्या दिवसांत शिकवणे मागे पडते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. विद्यार्थ्यांना मात्र हे सारे कशासाठी चालले आहे ते क्वचितच कोणी सांगते. ते सांगायचे तर बरेच मागे जावे लागेल. आपल्याकडे प्रामाणिकपणाची तपासणी आधी विद्यार्थ्याची सुरू झाली. संस्थेची पाळी सव्वाशेहून अधिक वर्षांनी आली.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ते शिकवत नसे. शिकवण्याचे काम कॉलेजांचे. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदवी देई. १८६२ मध्ये रानडे आणि भांडारकर पहिल्या पदवीधरांत होते, त्यांची पदवीही अशीच मिळालेली. पदवीवरचा विश्वास सगळा परीक्षेवर उभा, म्हणून पहारा बसला तो परीक्षेच्या दालनात: आसनक्रमांक, मोहोरबंद प्रश्नपत्रिका, पर्यवेक्षक. कॉलेजवर नजर ठेवायची ती संलग्नतेतून, म्हणजे विद्यापीठाशी जोडून घेताना घातलेल्या अटींतून. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने संलग्नतेच्या अटी कडक केल्या आणि कॉलेजांची पाहणी ठरावीक काळाने व्हावी असे ठरवले. आज कॉलेजात येणारी ‘एलआयसी’, म्हणजे स्थानिक चौकशी समिती, त्याच वंशातली आहे. खोल्या किती, पुस्तके किती, मान्यताप्राप्त शिक्षक किती, हे ती मोजते. वर्गात काय घडते ते मोजायची सोय तेव्हाही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोग आला, १९५६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. दर्जा राखणे हे आयोगाचे काम ठरले, पण प्रत्यक्षात अनुदान वाटणेच वरचढ झाले असे मला वाटते.

महाराष्ट्रात हा प्रश्न खरा पेटला तो ऐंशीच्या दशकात. १९८२ साली राज्याने परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी कायदा केला. पेपर फोडणे, कॉपी पुरवणे हा गुन्हा झाला. लगेच १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कर्नाटकात देणगी भरून शिकायला जाणारी मराठी मुले इथेच शिकू लागली, खेड्यापाड्यांत कॉलेजे पोहोचली. हे मोठेच काम झाले आणि ते नाकारता येत नाही. पण पावतीविना घेतलेले पैसेही त्याच वाटेने आले. १९८६ साली मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावे लागले. गुणपत्रिकेवरून मुख्यमंत्र्यांची खुर्ची जाते, हे राज्याने पाहिले. पुढच्याच वर्षी कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी शुल्काव्यतिरिक्त उकळलेली देणगी, घेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. शुल्काचा वाद तिथे थांबला नाही. पुण्याचे शिक्षणसंस्थाचालक पी. ए. इनामदार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २००५ साल उजाडले.

योगायोग असा की १९८६ हेच नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे वर्ष. त्याच धोरणातून मूल्यांकनाच्या स्वतंत्र यंत्रणेची कल्पना पुढे आली आणि १९९४ मध्ये बंगळुरूत नॅकची स्थापना झाली. अभियांत्रिकीसारख्या तांत्रिक शाखांसाठी एनबीए ही वेगळी मूल्यांकन यंत्रणा त्याच वर्षी आली. पद्धत अशी ठरली: संस्थेने स्वतःचा अहवाल स्वतः लिहायचा, मग बाहेरच्या प्राध्यापकांच्या पीअर टीमने येऊन तो पडताळायचा. सुरुवातीला सारे ऐच्छिक होते. श्रेणी आधी ताऱ्यांनी दिली जाई, मग अक्षरांनी, २००७ पासून सीजीपीएने, म्हणजे सरासरी गुणांकाने. २०१२ च्या आयोगाच्या नियमावलीने विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या शिकून बाहेर पडल्यावर किंवा सहा वर्षांनी, जे आधी होईल तेव्हा, मूल्यांकन बंधनकारक केले. अनुदान आणि स्वायत्तता श्रेणीला बांधली गेली तसे मूल्यांकन हा आरसा राहिला नाही, तो परवाना झाला.

मधल्या काळात दोन नियमावल्यांनी जबाबदारीचा रोख बदलला, आणि त्यांच्याविषयी फार कमी बोलले जाते. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला होता. २००९ च्या आयोगाच्या नियमांत विद्यार्थी आणि पालकांकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते हे सर्वांना माहीत असते. पण गुन्हा घडल्यावर २४ तासांत पोलिसांत तक्रार देण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे, हे किती पालकांना माहीत असते? २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतही तसेच. प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक साधर्म्य आढळले तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. मात्र शिक्षकाने तेवढीच उचलेगिरी केली, तर त्याच्या दोन वेतनवाढी थांबतात आणि तीन वर्षे त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तरीही शिक्षकाची ही जबाबदारी कागदावर आली, हेसुद्धा नवे होते.

२०१७ मध्ये नॅकने पद्धत बदलली. बहुतेक गुण ऑनलाइन भरलेल्या आकडेवारीवर आले, त्या आकड्यांची पडताळणी त्रयस्थाकडे गेली, आणि विद्यार्थ्यांना ईमेलने थेट प्रश्नावली पाठवण्याची सोय झाली. ‘शिकवतात कसे?’ हे शिकणाऱ्याला विचारले गेले. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची पायरी वाटते.

मार्च २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी गैरप्रकारांची आणि काही संस्थांना मिळालेल्या शंकास्पद श्रेणींची चौकशी मागत राजीनामा दिला. डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींनंतर जानेवारी २०२४ मध्ये श्रेणींऐवजी ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यता नाही’ अशी दोनच उत्तरे देणारी पद्धत आणण्याची घोषणा झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या पाहणीत चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने पाहणी समितीतल्या प्राध्यापकांना अटक केली. ज्यांनी वर्षानुवर्षे परीक्षेत पर्यवेक्षण केले असेल, अशीच ती माणसे होती.